खेळाडू मुलीचे मन कसे ओळखावे?

(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला व्याख्यान ठेवायचे म्हणजे कोणी विदुषी, निदान एखाद्या डॉक्टरीणबाई तरी बोलवाव्यात, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या वर्षी सेक्रेटरीबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना हेच म्हटले. मी सांगलीत मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे खेळ शिकवलेली बाई. माझ्या गळ्यात शिट्टी शोभते, हार शोभत नाही. पण त्या म्हणाल्या, "बाई, आता आमच्या घराघरांतून एक तरी मूल खेळायला जाते. त्याला दूध द्यावे, अंडे द्यावे, खजूर द्यावा, हे आम्हाला कळते. पण सामन्याच्या आदल्या दिवशी ते जेवत का नाही, हरल्यावर दोन दिवस बोलत का नाही, हे कळत नाही. त्याच्या मनात बळ किती आहे आणि ओढ किती आहे, हे ओळखायचे कसे, तेवढे सांगा."

विषय ऐकला आणि मला नाही म्हणता येईना. कारण नेमकी याच बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती घरच्या माणसांखेरीज मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. आज सांगते.

१९९१ सालच्या उन्हाळ्यात खेळाच्या शिक्षकांसाठी दहा दिवसांचे एक शिबिर होते. शिबिराच्या शेवटी बाहेरून आलेल्या एका गृहस्थांचे व्याख्यान झाले. खेळात निम्मे काम स्नायूंचे आणि निम्मे मनाचे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला तेव्हाही पटले आणि आजही पटते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी आम्हा सर्वांना एक सायक्लोस्टाईल केलेला कागद वाटला. इंग्रजीवरून मराठीत आणलेले चाळीस प्रश्न. प्रत्येकापुढे तीन उत्तरे : नेहमी, कधीकधी, कधीच नाही. उत्तरांना गुण. अमक्या गुणांच्या वर मुलगी असली तर ती मनाने कणखर, खाली असली तर कच्ची.

भगिनींनो, खेळाच्या शिक्षिकेला शाळेत काय मान असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. गणिताच्या बाई गुण देतात, शास्त्राच्या बाई गुण देतात, आणि आम्ही नुसत्या ओरडतो! म्हणून तो आकड्यांचा कागद हातात आला तेव्हा मला फार मोठे घबाड मिळाल्यासारखे झाले. आता मीही शास्त्रीय पद्धतीने संघ निवडणार होते.

जुलैत शाळेच्या खो-खोच्या संघाची निवड आली. बाहेर पाऊस, मैदानात घोट्याएवढा चिखल. मी पंधरा मुलींना चित्रकलेच्या वर्गात बसवले आणि कागद वाटले. "खरे तेच लिहा, कोणी कोणाचे बघायचे नाही," एवढे सांगितले. पंधरांतून बारा घ्यायच्या होत्या. अकरा नावे सरळ होती. प्रश्न बाराव्या जागेचा होता.

नववीत एक मुलगी होती. अंगाने काडी. तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करत; हळदीची पोती वाहून त्यांचा सदरा कायम पिवळा असायचा. ही मुलगी अनवाणी पळायची. संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत गेली की दोन खांबांमधून अशी काही वळायची की पाठलाग करणाऱ्या मुली रडकुंडीला यायच्या. पायांचा प्रश्नच नव्हता. पण कागदावर तिचे गुण खालून दुसरे आले. सामन्याच्या आधी पोटात गोळा येतो का? नेहमी. आदल्या रात्री शांत झोप लागते का? कधीच नाही. चूक होईल अशी भीती वाटते का? नेहमी. बाकीच्या मुलींनी, विशेषतः शिकलेल्या घरांतल्या मुलींनी, प्रश्नांचा रोख बरोबर ओळखला होता. बाईंना काय हवे आहे ते त्यांना कळले होते. त्यांना म्हणे कशाचीच भीती वाटत नव्हती.

मी तिचे नाव खोडले.

जिल्ह्याच्या सामन्यांत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. गंमत अशी की कागदावर ज्या मुलीला सर्वांत जास्त गुण होते, ती पहिल्याच डावात खो मिळताच उलट दिशेने धावत सुटली आणि पुढे सगळा डाव गोंधळून गेली. त्या बिचारीला मी दोष देत नाही, पहिल्या मोठ्या सामन्यात असे होते. पण माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. तो पडला नाही. मी पावसाला नावे ठेवली.

आणि ती मुलगी? संघात नाव असेपर्यंत शाळा सुटल्यावर मैदानावर थांबायची परवानगी, असा तिच्या घरचा करार होता. नाव गेले, परवानगी गेली. शाळा सुटली की ती दप्तर घेऊन सरळ घरी जाऊ लागली. दहावी झाली आणि लग्न झाले. तिच्या घरी जाऊन चार शब्द बोलावे, असे मला सुचले नाही. मला वाटले, कच्च्या मनाची मुलगी, टिकली नाही. कागद बरोबरच होता म्हणायचा!

२०१४ साली मी निवृत्त झाले. दुसऱ्या वर्षी शनिवारच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते, तर मागून "बाई!" अशी हाक आली. वळून पाहिले तर तीच. अंगाने भरलेली, केसांत रुपेरी तारा, शेजारी तेरा-चौदा वर्षांची मुलगी. मुलगी शाळेच्या संघातून खो-खो खेळते म्हणून आईच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मला राहवेना. मी विचारले, "का गं, त्या कागदावर तू असे का लिहिलेस? खांबाजवळ तर तू कधी घाबरलेली मला दिसली नाहीस."

ती हसली. म्हणाली, "भीती वाटायचीच की, बाई. पोटात नुसता गोळा यायचा. पण एकदा पळाय लागलं की जायचा. गोळा आला की मला कळायचं, आज पाय चालणार. तुम्ही खरं लिहा म्हणला होता, म्हणून मी खरं लिहिलं."

मेथी तिथेच ठेवून मी घरी आले.

त्यानंतर मी या विषयावरचे मिळेल ते वाचायला लागले. पेन्शनीतल्या बाईला वेळ पुष्कळ. काही पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळाली, काही नातवाने मोबाइलवर काढून दिली. इंग्रजी अडेल तिथे सुनेला विचारले. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. माझी चूक मी एकटीनेच केली होती असे नाही. मोठमोठ्या विद्वानांनीही ती केली होती, आणि पुढे त्यांच्यातल्याच लोकांनी ती दुरुस्त केली होती.

खेळाडूच्या मनाचा अभ्यास तसा जुना आहे. नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १८९८ सालीच सायकलपटूंवर लिहिले, की एकट्याने शर्यत मारण्यापेक्षा शेजारी दुसरा असला की माणूस वेगाने जातो. आपल्याला यात नवल वाटत नाही. दळण एकटीने दळताना आणि दोघींनी मिळून दळताना काय फरक पडतो ते आपल्या आज्यांना ठाऊक होते. १९६० नंतर मात्र अमेरिकेत मापायचे वेड शिरले. कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको या दोघा मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंसाठी १९० प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. जिद्द, आक्रमकपणा, आत्मविश्वास, जबाबदारी, भावनांवर ताबा, शिकण्याची तयारी असे अकरा गुण त्यातून मोजायचे. मोठमोठ्या संघांनी ती वापरली. पण पुढे इतर अभ्यासक तपासायला बसले तेव्हा, या गुणांवरून कोण चांगले खेळेल याचे भाकीत करता येते, असा भक्कम पुरावा मिळेना. माझा सायक्लोस्टाईलचा कागद याच घराण्यातला असावा, असे मला वाटते.

भीतीच्या बाबतीत तर विद्वानांना बरेच मागे-पुढे करावे लागले. रेनर मार्टेन्स यांनी १९७७ साली स्पर्धेच्या वेळच्या चिंतेची एक चाचणी काढली. तिच्यामागचा विचार असा, की स्वभावातली चिंता वेगळी आणि प्रसंगाची चिंता वेगळी. एखादी बाई मुळातच काळजी करणारी असते. दुसरी एरवी निवांत, पण मुलीचे लग्न उभे राहिले की तिचे हातपाय गळतात. दोघींना एका मापाने मोजून कसे चालेल? नंतर आणखी बारकावा आला. डोक्यातली काळजी वेगळी आणि अंगातली धडधड वेगळी. "मी चुकले तर सगळे हसतील" हा विचार म्हणजे काळजी. छाती उडणे, तळहात ओले होणे, पोटात गोळा येणे ही धडधड. धडधड असूनही काळजी नसू शकते.

आणि १९९२ साली ग्रॅहॅम जोन्स आणि ऑस्टिन स्वेन या ब्रिटिश अभ्यासकांनी जो मुद्दा मांडला तो वाचताना माझ्या हातातला चहा गार झाला. ते म्हणतात, धडधड किती होते एवढेच विचारून भागत नाही. ती तुला मदत करते की आडवी येते, हेही विचारले पाहिजे. सारखीच धडधड एकीला सांगते की आता तू पडणार, आणि दुसरीला सांगते की अंग तयार झाले, आता नीघ. म्हणजे माझ्या चाळीस प्रश्नांच्या कागदात एकेचाळिसावा प्रश्न नव्हता! तो मी विचारला असता तर त्या पोरीने उत्तर दिले असते. बाजारात तिने ते न विचारता दिले.

युरी हानिन या रशियन अभ्यासकाने तर असे दाखवले की प्रत्येक खेळाडूची आपली एक पातळी असते. काहींचा खेळ मन अगदी शांत असताना उत्तम होतो, तर काहींना बऱ्यापैकी ताण असल्याशिवाय रंगच चढत नाही. तेव्हा "घाबरू नकोस, शांत हो" हा जो आपण मायेपोटी सगळ्या मुलांना सरसकट उपदेश करतो, तो कित्येकदा चुकीच्या दारात टाकलेले पत्र असते.

आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ३० ऑक्टोबर २०२५ चा सामना टीव्हीवर पाहिला असेल. नवी मुंबईत स्त्रियांच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, आणि जिंकायला ३३९ धावा. जेमिमा रॉड्रिग्ज या आपल्या मुंबईच्या मुलीने नाबाद १२७ धावा केल्या आणि सामना काढला. त्याच स्पर्धेत आधी एका सामन्यात तिला वगळले होते. सामना जिंकल्यावर तिने सर्वांसमोर काय सांगितले? की या स्पर्धेत ती चिंतेने पार ग्रासून गेली होती, आईला फोन लावून रडत बसत होती. आता तिला माझा १९९१ चा कागद दिला असता तर किती गुण पडले असते, सांगा बरे! तीन दिवसांनी आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. माझे म्हणणे एवढेच, की रडणारी मुलगी कच्ची असते हे आपण कोणी ठरवले?

प्रश्नावल्या अगदी टाकाऊ आहेत असेही मी म्हणणार नाही. १९९५ साली रोनाल्ड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ वाक्यांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. तिच्यातून सात गोष्टी पाहायच्या : संकटात तग धरणे, ऐन वेळी खेळ उंचावणे, ध्येय ठरवून मनाची तयारी करणे, एकाग्रता, काळजीपासून मोकळीक, आत्मविश्वास व यशाची ओढ, आणि शिकवलेले घेण्याची तयारी. मला यात आवडले ते असे, की हे गुण त्यांनी जन्माने मिळालेले धरले नाहीत. शिकता येणारी कौशल्ये म्हणून धरले. पोळी गोल लाटणे जसे येते तसे एकाग्र होणेही येते. दुसरे म्हणजे, खेळाडूने स्वतःला समजून घ्यावे यासाठी ही वापरा, संघ निवडायला वापरू नका, असे त्यांनीच बजावले आहे. कारण उघड आहे. निवड होणार म्हटले की कोणती मुलगी स्वतःचे उणे लिहील? एखादीच लिहील, आणि नेमकी तीच मार खाईल.

तापमान मापणे आणि वर्गवारी लावणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे. आपण मुलाच्या काखेत थर्मामीटर लावतो तो शेजारच्या मुलाशी तुलना करायला नव्हे. कालच्यापेक्षा आज काय, ते बघायला. अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी विद्यापीठातल्या पोहणाऱ्या खेळाडूंची मनःस्थिती वर्षानुवर्षे अशीच नोंदवली : ताण, खिन्नता, राग, उत्साह, थकवा, गोंधळ. सरावाचा भार वाढत गेला की उत्साह ओसरतो आणि बाकीचे पाच वर चढतात, असे त्यांना दिसले. भार कमी केला की मन पुन्हा ठिकाणावर येते. आयांनो, हे तर तुम्ही कोणत्याही प्रश्नावलीशिवाय करू शकता. कालपर्यंत बूट दारातच फेकून गप्पा मारत आत येणारी मुलगी गेला आठवडाभर न बोलता आत येते, साध्या गोष्टीवरून भावावर खेकसते, झोपूनही थकलेली उठते. तर तिला "आळशी झाली आहेस" म्हणू नका. तिच्या शिक्षकांना जाऊन भेटा आणि दोन दिवस विश्रांती मागून घ्या. माझ्यासारखी शिक्षिका असेल तर ती आधी कुरकुर करेल. करू द्या.

आता ओढीविषयी. मूल का खेळते, हे ओळखणे मला भीती ओळखण्यापेक्षाही कठीण वाटते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९७३ साली केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. रंगीत पेनांनी चित्रे काढायला आवडणारी मुले त्यांनी घेतली. काही मुलांना आधी सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेले प्रशस्तिपत्र देऊ. मुलांनी काढले, प्रशस्तिपत्रे मिळाली. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने पुन्हा वर्गात ठेवली, या वेळी बक्षीस नाही. तर बक्षिसाच्या कबुलीवर चित्रे काढलेली मुले आता इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ पेनांकडे फिरकली. ज्यांना कबुली न देता अचानक बक्षीस दिले होते त्यांची गोडी मात्र तशीच राहिली. ज्या गोष्टीत मुलाचा जीव आहे तिला आपण भाव ठरवला, की ती त्याच्या लेखी मजुरी होते. "पहिली आलीस तर सायकल" असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

पण इथे मला थोडे थांबायचे आहे. बक्षिसासाठी, नोकरीसाठी खेळू नये, निर्मळ आनंदासाठी खेळावे, असे सांगणारे लोक बहुधा पोट भरलेले असतात. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. हमालाच्या मुलीने त्या जागेवर डोळा ठेवून पळायचे ठरवले तर त्यात हलके काय आहे? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी ओढीवर पुष्कळ काम केले आहे. तेही असे म्हणत नाहीत की बाहेरचे कारण म्हणजे वाईटच. ते कारण मुलीने स्वतः पत्करलेले आहे की तिच्या मानेवर ठेवलेले आहे, हे पाहा, असा त्यांचा आग्रह. "मला पोलिसात जायचे आहे, म्हणून मी पहाटे उठते," हे एक. "बाबांनी पाच हजारांचे बूट घेतले, आता सोडले तर घरात तोंड कसे दाखवू," हे दुसरे. दोघीही पहाटे पाचलाच उठतात. मैदानावरून पाहणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतात. पण दुसरी मुलगी पहिल्या दुखापतीनंतर परत येत नाही, असा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

हे ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारते. त्याची कल्पना जॉन निकोल्स आणि जोन डुडा यांच्या लेखनातून घेतलेली आहे. "या आठवड्यात तुला कधी वाटलं की आज मला जमलं?" एक मुलगी म्हणते, "अमकीला मी बाद केलं तेव्हा." दुसरी म्हणते, "खांबावरून वळताना तोल जायचा तो काल गेला नाही." दोन्ही उत्तरे चांगलीच. पण जिची सगळी उत्तरे पहिल्या जातीची असतात, तिला तिच्याहून सरस मुलगी भेटली की तिच्याजवळ काहीच उरत नाही. तिला दुसऱ्या जातीची उत्तरे शोधायला शिकवावे लागते, आणि ते काम मैदानापेक्षा घरात जास्त होते. मुलगी सामन्यावरून आली की आपला पहिला प्रश्न काय असतो? "जिंकलात का?" माझाही तोच असायचा.

२०१८ पासून मंडळाच्या मागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी मुलींचा खो-खो आपण चालवतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या अंगणात सात नव्या मुली आल्या. त्यांच्यासाठी मी एक रीत वापरते. रिचर्ड बटलर आणि लू हार्डी या इंग्रज अभ्यासकांनी ती १९९२ साली मांडली. बटलर यांनी ती ब्रिटनच्या हौशी मुष्टियोद्ध्यांबरोबर वापरली होती. तिच्यात छापील प्रश्न नाहीत. मला त्यातले सारे पटले ते यासाठीच. आपण खेळाडूलाच विचारायचे : उत्तम खेळाडू कशाने होतो, ते तुझ्या शब्दांत सांग. मग त्या प्रत्येक गुणात तू आज कुठे आहेस, शून्य ते दहा. मग शिक्षिकेने आपला आकडा सांगायचा. दोघींच्या आकड्यांत जिथे फार अंतर, तिथे बसून बोलायचे.

आपल्या मुलींनी त्याची रांगोळी केली! मधोमध एक ठिपका, त्यातून निघणाऱ्या आठ-दहा रेघा, प्रत्येक रेघेवर दहा ठिपके. जितके गुण तितक्या ठिपक्यांपर्यंत रंग भरायचा. ज्या रेघेचा रंग आखूड, तिकडे लक्ष. मुलींचे शब्द काय सुंदर असतात! एकीने लिहिले, "खो ऐकू येणे." मी म्हटले, "कानाचा काय संबंध?" तर म्हणाली, "बाई, घाबरले की मला कुणाचं ऐकूच येत नाही." एकाग्रता म्हणजे काय ते मला याहून चांगले सांगता आले नसते. दुसरीने लिहिले, "चुकल्यावर चूक तिथंच सोडणे," आणि स्वतःला दोन गुण दिले. मी तिला सात दिले होते. का, म्हणून बसून बोललो. बाहेरून ती चूक विसरल्यासारखी दिसायची. आत रात्री अकरापर्यंत तोच खो चालू असायचा. मला ते सात वर्षांत दिसले नसते. आता चूक झाली की जमिनीवर एकदा हात पुसायचा आणि उठायचे, अशी खूण आम्ही दोघींनी ठरवली आहे. परवा ती पाचावर आली.

मुलीचा आकडा खाली असला म्हणून तिला एकाही सामन्यातून वगळायचे नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगून टाकते. त्याशिवाय कागदावर खरे उतरत नाही.

गेल्या महिन्यात मुलींनी नव्याने गुण लिहिले. नावे घालायची नाहीत, असे या वेळी ठरले होते. कागद गोळा करून मी घरी वाचत बसले. दम, चपळाई, खांबाजवळ डोके शांत, ओळखीचेच शब्द होते. एका कागदावर सर्वांत खालच्या रेघेवर लिहिले होते : "हरल्यावर घरी जायची भीती न वाटणे." पुढे दहापैकी एक गुण.

भगिनींनो, तो कागद कोणाचा ते मला ठाऊक नाही आणि मी अक्षरावरून ओळखायचा प्रयत्नही केलेला नाही. मैदानावर येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींच्या आया आज या सभागृहात बसलेल्या आहेत. खांब, चिखल, दम, चपळाई हे मी पाहीन. ही एक रेघ माझ्या हातातली नाही. घरी गेल्यावर आपल्या मुलीला "तो कागद तुझा का?" असे मात्र कृपा करून विचारू नका.

सोमवारी मुली पुन्हा रांगोळी घालणार आहेत. सव्वापाचला सुरू होते. ज्यांना यायचे त्यांनी यावे, बसायला सतरंजी आहे.